एमेल्ले अक्का वेळेवर आल्या

अळणावरच्या अलीकडं, रेल्वेचं फाटक ओलांडलं की उजव्या हाताला जी गल्ली लागते, तिथल्या कोंबड्यांना गेली काही वर्षं कामच उरलेलं नाही. ते आरवायच्या आधीच हवालदार महादेव अण्णा शिट्टी फुंकतात. शिट्टी असते माळावर पळायला जमलेल्या पोरापोरींसाठी. पण आवाजाला कुठलं दार आणि कुठली कडी, तो प्रत्येक घरात डोकावून जातो. एकदा कुणीतरी धीर करून म्हणालं, "अण्णा, जरा हळू वाजवा की री, आम्ही काही भरतीला निघालेलो नाही." अण्णांनी मान डोलावली, "बरोबर आहे तुमचं" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच जोरात वाजवली.

तोंडावर कुणाला नाही म्हणणं हे अण्णांना जन्मात जमलेलं नाही. गल्लीला ते ठाऊक आहे, म्हणून गल्ली त्यांच्याकडून शिडी नेते, फावडं नेते, लग्नात वाढपी म्हणून त्यांनाच नेते. आणि तानूबाईंना, म्हणजे अण्णांच्या कारभारणीला, ते सगळ्यात जास्त ठाऊक आहे. "आमच्या ह्यांनी सरहद्द राखली," त्या परसातल्या बुटक्या भिंतीवरून सांगतात, "पण घरची शिडी राखायला मलाच उभं राहावं लागतंय."

अण्णांचं सैन्यातलं आयुष्य कुणी विचारलं तर ते फार लांबण लावत नाहीत. म्हशी राखणारं पोरगं बेळगावला भरतीत उभं राहिलं, छाती फुगवली, मराठा पलटणीत शिरलं. मग काश्मीर, आसाम, राजस्थानातली वाळू, पुन्हा काश्मीर. "तिकडं काय केलंत हो अण्णा?" असं चहाच्या टपरीवर विचारलं की ते म्हणतात, "चाललो आणि उभा राहिलो." एवढंच. डाव्या पायाचं एक बोट बर्फानं ठेवून घेतलंय, ते कुणी बघितलं तर म्हणतात, "भाड्याचं घर होतं, अनामत सोडून आलो." पेन्शन घेऊन गावी आले, मग धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यात फाटकावर पहारेकरी झाले, आणि तिथूनही निवृत्त झाल्यावर तानूबाईंना वाटलं, आता माणूस घरात बसेल. अण्णांच्या बाबतीत त्या माउलीचा झालेला तो एकमेव गैरसमज.

कारण त्याच हिवाळ्यात अभिषेकचा पाय मोडला. पोरगं पोलीस भरतीची तयारी करत होतं आणि गावातली सगळी तयारी करणारी पोरं तेव्हा अळणावरच्या डांबरी रस्त्यावर पळायची. दुसरीकडं पळणार कुठं? चारी बाजूंना भाताची खाचरं, नाहीतर ऊस. पहाटेचं धुकं, उसानं फुगलेला ट्रक, आणि बाहेर आलेल्या उसाच्या मोळीनं अभिषेकला गटारात फेकलं. जीव वाचला, भरती गेली. आज तो स्टँडवर मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, हसतमुख आहे, पण जिना चढताना कठड्याला धरतो.

दवाखान्यातून त्याला बघून आले आणि अण्णा घमेलं घेऊन गायरानाच्या माळावर गेले. माळ म्हणजे नुसते दगड आणि काटे. म्हशीसुद्धा तिथं नाइलाजानं जायच्या. अण्णा रोज सकाळी दगड वेचायचे आणि कडेला रचायचे. गल्लीनं मनसोक्त करमणूक करून घेतली. "अण्णांनी यंदा दगड पेरलेत, सुगी चांगली आहे," असं कोणी कोणी म्हणालं ते आता नावं सांगून उपयोग नाही, सगळ्यांनीच म्हटलं होतं. पण दोन-तीन महिन्यांनी ज्यांनी चेष्टा केली तेच पाट्या घेऊन गेले. बैलांनी फळी फिरवली. माळाला गोल धावपट्टी झाली, लांब उडीला वाळूचा खड्डा झाला, दोरखंड टांगायला चिंचेची फांदी मिळाली. तेव्हापासून या गावातून कोण सैन्यात गेलं, कोण पोलिसात गेलं हे विचारलं तर अण्णा गप्प बसतात आणि तानूबाई बोलायला लागतात. मग भाकरी करपते, पण नावं संपत नाहीत.

आता एमेल्ले अक्का, म्हणजे आमच्या आमदार. त्यांचं नाव इंदुमती, पण मतदारसंघात म्हातारीकोतारीसुद्धा एमेल्ले अक्का म्हणते. निवडून आल्यावर त्यांनी माजी सैनिकांचा विषय असा धरला की बाकीचे पुढारी गोंधळले. महिन्यातून एक शनिवार धारवाडच्या ऑफिसात फक्त सैनिकांसाठी. खुर्च्यांवर आधी ते, मग कंत्राटदार. बेळगावला सैन्याच्या कॅन्टीनला आणि दवाखान्याला जायला गावोगावच्या म्हाताऱ्या सैनिकांची फरफट व्हायची, तर त्यांनी महिन्याला एक बस सुरू करून घेतली. जवानांच्या विधवांची अडलेली कामं घेऊन त्या स्वतः वरच्या ऑफिसात जाऊन बसायच्या, काम झाल्याशिवाय उठायच्या नाहीत. अक्का हे सगळं का करतात यावर टपरीवर बऱ्याच कहाण्या होत्या. कुणी म्हणे आजा सैन्यात होता, कुणी म्हणे मतं. सुभेदार धोंडिबांनी एकदा तो विषय मिटवला. "कॅन्टीनची बस येते का? येते. मग गप्प बसा."

सुभेदार धोंडिबा म्हणजे गावातले सगळ्यात ज्येष्ठ सैनिक, एकाहत्तरची लढाई लढलेले. पाठ अजून भिंतीसारखी सरळ, कान मात्र आपल्याला हवं तेवढंच ऐकणारे. गावातले निवृत्त सैनिक मारुतीच्या कट्ट्यावर जमतात, आणि पावसाळा आला की कट्ट्यावर निम्मा मारुती आणि निम्मे सैनिक भिजतात. म्हणून धोंडिबांनीच अक्कांकडं मागणी लावली होती, आम्हाला एक खोली द्या. बसायला, पेपर वाचायला, कुणाचा मुलगा रजेवर आला तर त्याला बोलवायला. अक्कांनी खोली नव्हे, हॉल मंजूर करून आणला. माजी सैनिक भवन.

आणि पंचायतीचे अध्यक्ष बाळकृष्ण यांनी त्याला जागा निवडली. कुठली? माळ. गायरान सरकारी, रस्त्याला लागून, सपाट. "आयती सपाट जागा आहे," ते म्हणाले. ती आयती कशी झाली हे विसरायला बाळकृष्णांना फार वेळ लागत नाही. माणूस वाईट नाही, उत्साही आहे. त्यांनी मापं घेतली, चुन्याची फक्की मारली, आणि फक्कीचा चौकोन बरोबर धावपट्टीच्या पोटातून गेला.

बातमी द्यायला ते स्वतः अण्णांच्या ओसरीवर आले.

"अण्णा, तुमचाही सत्कार आहे त्या दिवशी. गुद्दली पूजा अक्कांच्या हातून, मग सुभेदारांना आणि तुम्हाला शाल, डोक्याला म्हैसुरी पेटा, फळांची टोपली. भवन तुमच्याच माळावर. तुम्ही राखलेल्या जागेचं सोनं झालं बघा."

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले.

बाळकृष्ण चहा पिऊन गेले. अण्णा ओसरीवर बसून राहिले. गुद्दली पूजा म्हणजे कुदळीचा पहिला घाव. आपल्या भागात तो घाव पडला की जागा ठरली. पुढं इमारत उभी राहो न राहो, ती जागा दुसऱ्या कशाची होत नाही.

त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. तानूबाईंनी ताट तसंच परत नेलं आणि भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सांगा की मग बाळकृष्णाला. सांगा अक्कांना. पोरं कुठं पळायची?"

"अगं, सुभेदारसाहेबांनी मागितलंय ते. माझ्यापेक्षा मोठे. त्यांना आता या वयात छप्पर मिळतंय, आणि मी मध्ये पाय घालू?"

"मग ज्योतीला सांगा, बाई, रस्त्यावर पळ."

ज्योती म्हणजे मागल्या गल्लीतली पोरगी, बाप दुसऱ्याच्या खाचरात राबणारा. महिन्याभरावर तिची सैन्याची भरती आली होती, आणि माळावर मुलांना मागं टाकून पळणारी ती एकटी होती.

"बाहेरगावी एखादं मैदान बघतो," अण्णा म्हणाले.

"बघा, बघा. काश्मिरात बघा. तिथं तुमची ओळख आहे."

अण्णांनी खरोखर बघितलं. अळणावरच्या शाळेचं पटांगण शाळेला लागतं. तळ्याकडची जागा उताराची, पळताना पाय मुरगळेल. एक चांगलं रान होतं, तर मालक म्हणाला ऊस लावायचाय. बाळकृष्णांच्या दारापर्यंत ते दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा शिडी हवी का असं विचारून परत आले. धोंडिबांच्या घरीही गेले. धोंडिबा कोटाची बटणं शिवून घेत बसले होते. "महादेवा, आता पावसात बसायला नको रे," एवढंच ते बोलले, आणि अण्णांच्या तोंडातलं तोंडातच राहिलं.

असा पूजेचा दिवस उजाडला. पत्रिकेवर वेळ सकाळी नऊ.

आता आमच्या भागात पुढाऱ्याचे नऊ म्हणजे काय, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. नऊला मांडवाचे खांब येतात. दहाला लाऊडस्पीकरवाला हॅलो हॅलो करतो. अकराला शाळेच्या मुली स्वागतगीत म्हणायला उन्हात उभ्या करतात, बारानंतर कधीतरी धुरळा दिसतो आणि सगळे खुर्चीवरून उठतात. पलटणीत असताना अण्णा प्रत्येक ठिकाणी वेळेआधी पोहोचलेले; पण वीस वर्षं आपल्यात राहून तेही शहाणे झाले होते. त्यांनी हिशेब केला. अक्का बाराला येणार. म्हणजे दहाला आंघोळ, अकराला कोट आणि पदकं. तोवर पोरांना पळू दे. माळावरचा शेवटचा दिवस आहे, आज मनसोक्त पळू दे. नेहमी सातला संपणारी कवायत त्या दिवशी संपेचना. अण्णा अर्ध्या चड्डीवर, अंगात घामानं भिजलेलं बनियन, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. पोरं फक्कीच्या रेघेवरून पळत होती आणि रेघ हळूहळू पुसत चालली होती.

पावणेनऊला रस्त्याच्या कडेला पांढरी गाडी थांबली.

त्या क्षणी गाव कुठं होतं ते सांगायला हवं. मांडवाचा एक खांब उभा होता, दुसरा खांद्यावर होता. लाऊडस्पीकरवाला घरी झोपला होता. हार धारवाडहून येणाऱ्या बसमध्ये होते. पंचायतीचे अध्यक्ष बाळकृष्ण मोरीत होते आणि त्यांच्या डोक्याला साबण होता. भटजी मात्र आदल्या संध्याकाळीच जागेवर हळदीकुंकवाची पूजा मांडून गेले होते, तेवढं एक तयार होतं. आणि मांडवाच्या एकुलत्या खांबाशेजारी, एकुलत्या खुर्चीवर, कोट आणि पदकं घालून सुभेदार धोंडिबा काठी टेकून बसले होते. ते आठपासून बसले होते.

अक्का एकट्याच उतरल्या, मागं ड्रायव्हर. चालत माळावर आल्या आणि धावपट्टीच्या मधोमध उभ्या राहिल्या. समोरून ज्योती येत होती. शेवटचा फेरा, डोळे समोर, तोंड उघडं. थांबायचं तिच्या डोक्यातही नव्हतं.

"अक्का, बाजूला व्हा, लाइनीत उभ्या आहात," ती ओरडली.

एमेल्ले अक्का पदर सावरून बाजूला झाल्या. ज्योती गेली. अण्णांना वाटलं, आपल्या पायाची उरलेली बोटंही आता गळून पडणार.

ते धावत आले, टाचा जुळवल्या, आणि अर्ध्या चड्डीवर काय करायचं असतं हे न आठवून नुसते ताठ उभे राहिले.

"मॅडम, आपण... वेळेवर आलात?"

"का, नाही यायचं?" अक्का म्हणाल्या. "मागच्या शनिवारी तुमच्या सुभेदारांनी मला ऑफिसात सुनावलं. म्हणाले, अक्का, आमच्यात नऊ म्हणजे पावणेनऊ; तुमच्यात काय असतं ते आम्ही दर वेळी बघतो. मग म्हटलं, सैनिकांच्या गावाला जायचंय, आज चुकायला नको. आणि इथं बघते तर वेळेवर सुभेदार तेवढे आलेत."

अण्णा पार शरमले. आयुष्यात पहिल्यांदा ते उशिरा सापडले होते, आणि तेही स्वतःच्याच माळावर.

"ही मुलं कोण, अण्णा?"

अण्णांनी सांगितलं. विचारलं की सांगायचं, ही सवय पक्की. कोण कशाच्या भरतीला बसलाय, कुणाचे वडील काय करतात, ज्योतीची परीक्षा कधी. इथून कोण कोण गेलंय. बोलताना त्यांच्या आवाजात जी ऐट आली ती त्यांच्या स्वतःच्या नोकरीबद्दल बोलताना कधी येत नाही. अक्का ऐकत होत्या. मग त्यांचं लक्ष पायाखालच्या पुसट फक्कीकडं गेलं, तिथून हळदीकुंकवाकडं, तिथून वळणावर पळणाऱ्या पोरांकडं.

"भवन बांधल्यावर ही कुठं पळणार?"

अण्णा गळ्यातली शिट्टी चाचपत राहिले.

"अण्णा, मी विचारतेय."

मागं खुर्ची वाजली. धोंडिबा उठून काठी टेकत येत होते. अण्णांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं. कोटाची बटणं नवी होती, उन्हात चकाकत होती. आता 'बरोबर आहे' म्हणून टाकायचं आणि सुटायचं, जीभ तिकडंच वळत होती. तेवढ्यात पोरं पुन्हा समोरून गेली. फेऱ्याच्या शेवटी सगळ्यात मागं राहिलेला एक जण पडता पडता सावरला, तर पुढच्यानं हात मागं करून त्याला ओढून घेतलं आणि दोघं तसेच पळत राहिले.

"रस्त्यावर पळतील, मॅडम," अण्णा म्हणाले. "पूर्वी पळत होती तशी. ट्रक असतात. एकाचा पाय गेलाय. मला ही जागा भवनाला द्यायची नाही." आणि मग घाईनं, "माफ करा."

धोंडिबांच्या कानांना आज सगळं ऐकू आलं होतं.

"वर्षभर मागतोय मी ही खोली," ते म्हणाले.

"होय, साहेब."

"जागा आखली तेव्हा तू होतास?"

"होय, साहेब."

"माझ्या घरी आला होतास परवा. बटणं बघून गेलास."

"होय, साहेब."

"शत्रू समोर दिसतोय आणि चौकीवरचा जवान मागं कळवत नाही, त्याला काय करतात आपल्यात?"

पासष्टीकडं झुकलेला माणूस, गळ्यात शिट्टी, शाळेतल्या पोरासारखा खाली मान घालून उभा. पोरांचंही पळणं थांबलं. सगळी धापा टाकत गोळा झाली. तानूबाई कोट आणि पदकांचा डबा घेऊन धापा टाकत पोहोचल्या त्या नेमक्या याच वेळी, आणि उभ्या राहिल्या.

"चूक जागेची नाही, हवालदार," धोंडिबा म्हणाले. "गप्प बसण्याची आहे. पंधरा दिवस आधी बोलला असतास तर अक्कांना हेलपाटा पडला नसता, आणि मी काल या कोटाला इस्त्री केली नसती."

मग ते अक्कांकडं वळले. "अक्का, भवन दुसरीकडं घ्या. उशीर लागला तर लागू दे. पाण्यात विरघळणारे नाही आम्ही." मग काठीनं कट्ट्याची दिशा दाखवून म्हणाले, "तसंही भवन झालं की हा बाळकृष्ण रोज येऊन तिथं भाषण करणार. मारुतीसमोर तरी जरा भितो."

ते बाळकृष्ण नेमके तेव्हा येत होते. केस ओले, सदऱ्याची बटणं एकेक घर चुकलेली, हातात हळद लावलेली कुदळ, मागं भटजी. झालेलं त्यांना सांगितल्यावर त्यांनी आधी कुदळीकडं बघितलं, मग भटजींकडं.

"पण मॅडम, मुहूर्त आहे. पत्रिका छापलीय."

"आणि पूजा मांडून झालीय," भटजी म्हणाले. "देवाला इथं बोलावलंय. आता त्याला उठा म्हणायचं कसं? जागा बदलता यायची नाही."

"नको बदलायला," अक्का म्हणाल्या. "पूजा इथंच होईल. मैदानाची. चांगली धावपट्टी करू, पाणी साचणार नाही अशी, कडेनं झाडं लावू. भवनाला दुसरी जागा बाळकृष्ण शोधतील, आणि या वेळी महादेव अण्णांना विचारून शोधतील. भवनाची मंजुरी आहे, ती मी जाऊ देणार नाही. मैदानासाठी नव्यानं झगडावं लागेल, ते अधिवेशनात मी बघते. देवाला चालेल का, भटजी?"

भटजींनी विचार केला. "देवाला काय, पळणारी पोरंही चालतात," ते म्हणाले. "मंत्र तोच आहे."

पूजा झाली. लाऊडस्पीकर नव्हता म्हणून भाषणं झाली नाहीत, आणि गावातल्या जाणत्या लोकांच्या मते इतका सुंदर कार्यक्रम पूर्वी कधी झाला नव्हता. शेवटी अक्कांनी कुदळ उचलली, डोक्यापर्यंत नेली, आणि घाव घालणार इतक्यात अण्णा पुढं आले.

"मॅडम, तिथं नको."

सगळे थबकले. बाळकृष्णांनी डोळे मिटून घेतले.

"आता काय, अण्णा?"

"ती धावपट्टी आहे. खड्डा पडला तर उद्या कुणाचा पाय मुरगळेल. पूजेच्या पाटापासून हातभर आत घ्या. आणि जरा हळू."

एमेल्ले अक्का हसल्या. इतक्या गुद्दली पूजा त्यांनी केल्या होत्या, पण हळू खणा म्हणून सांगणारा पहिल्यांदाच भेटला होता. त्यांनी हातभर आत सरकून कुदळ मातीला नुसती टेकवली, कुंकू लावल्यासारखी. टाळ्या वाजल्या. पहिली टाळी धोंडिबांची होती, आणि काठी काखेत धरून ते शेवटपर्यंत वाजवत राहिले.

मग सत्कार. आधी धोंडिबांचा झाला. पेटा घातला तशी त्यांची पाठ आणखी ताठ झाली, जी आणखी ताठ होऊ शकते असं कुणाला वाटलं नव्हतं. अण्णांचं नाव आलं तेव्हा तानूबाई कोट घेऊन पुढं सरकल्या. "आधी हे घाला, असे उघडे काय उभे राहताय."

"राहू द्या, वहिनी," अक्का म्हणाल्या. "आज हाच युनिफॉर्म आहे."

आणि त्यांनी तो झगझगीत म्हैसुरी पेटा अण्णांच्या घामेजल्या डोक्यावर ठेवला, भिजलेल्या बनियनवर शाल पांघरली. खाली अर्धी चड्डी आणि कॅनव्हासचे बूट. फोटो निघाला. तो आता अण्णांच्या ओसरीवर आहे, पलटणीच्या फोटोशेजारी. गल्लीत नवा पाहुणा आला की त्याला तो दाखवायला नेतात, आधी हसायला म्हणून. आणि फोटोत मागं उभी असलेली पोरं आज कोण कुठं आहेत हे सांगता सांगता हसायचं राहून जातं. ज्योती त्यात डावीकडं आहे, धापा टाकत. भरतीत ती निवडली गेली. तिच्या बापानं गावभर धारवाडी पेढा वाटला, आणि पहिला तुकडा ज्याच्या तोंडात घातला तो माणूस नेहमीसारखा फक्त "बरोबर आहे" म्हणाला.

भवनाचं म्हणाल तर त्याला जागा मिळाली आहे, पंचायतीच्या मागं. बाळकृष्ण फक्की मारायच्या आधी तीन वेळा अण्णांच्या ओसरीवर येऊन गेले. बांधकाम अजून पायाच्या वर आलेलं नाही, म्हणून सैनिक मंडळी या पावसाळ्यातही कट्ट्यावरच बसली. धोंडिबा भिजले, शिंकले, आणि कुणी त्याबद्दल काही म्हणालं की त्यांनी काठी आपटून विषय बदलायला लावला. अक्का मधून मधून येतात. दर वेळी पावणेनऊला. त्यामुळं आता सगळ्या गावाला लवकर आंघोळ करावी लागते आणि त्याचा राग लोक अण्णांवर काढतात.

पूजेच्या दिवशी दुपारी अण्णा घरी आले तेव्हा पेटा डोक्यावरच होता. तानूबाईंनी तो दोन्ही हातांनी अलगद उतरवला, पदरानं आतला घाम टिपला, देवघराशेजारच्या फळीवर ठेवला आणि जरा मागं होऊन बघितला. मग सरळ करून पुन्हा बघितला. ताट वाढलं. अण्णा पंधरा दिवसांत पहिल्यांदा भुकेनं जेवायला बसले. दोन घास खाल्ले, थांबले, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन जे कधी घडलं नव्हतं ते घडलं.

"अगं," ते म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे."

तानूबाई वळल्या. भिंतीपलीकडच्या घरात भांडी घासण्याचा आवाज थांबला.

"एमेल्लेंपुढं तोंड उघडलं म्हणून घरातही उघडायचं असं नाही," त्या म्हणाल्या.

आणि मिठाची बरणी पुढं सरकवली.